ऐकू न येणारे काम

एखादे काम उत्तम साधले आहे हे कशावरून ओळखावे, असे विचारले तर बहुतेकांकडून एकच उत्तर येईल : ते लोकांच्या नजरेत भरते यावरून. गवई, नट, वक्ता, शिल्पकार यांना हे उत्तर लागू पडते. परंतु कामांचा एक फार मोठा वर्ग असा आहे की, त्यातले काम नजरेत भरले म्हणजे ते बिघडले असे समजावे. नळाला पाणी आले म्हणून पाणीपुरवठा विभागाचे कोणी आभार मानत नाही; ते आले नाही तर मात्र विभागाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मुद्रितशोधकाचे अस्तित्व वाचकाला कळते ते राहून गेलेल्या चुकीमुळेच. चित्रपटातील ध्वनीचे काम या वर्गात मोडते, आणि सुरतेतल्या आमच्या परिचयाच्या एका तरुणाने तो व्यवसाय पत्करल्यापासून आम्हांला त्याविषयी विचार करणे भाग पडले आहे.

प्रश्न असा की, ज्या कामाची सिद्धी ते लपण्यात आहे, ते करणारा माणूसही लपावा काय? कामाने दिसेनासे होणे आणि कर्त्याने दिसेनासे होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडे त्यांची सरमिसळ फार सहज होते, आणि ती करणाऱ्यांचा त्यात बहुधा फायदा असतो, असे आमचे मत आहे.

आधी हे काम काय असते ते पाहू. चित्रपटात जे ऐकू येते ते कॅमेऱ्याबरोबर आपोआप टिपले जात असावे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. वस्तुतः एका प्रसंगाचा ध्वनी निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या माणसांनी तयार केलेला असतो. चित्रीकरणस्थळी एक माणूस लांब दांड्याच्या टोकाला मायक्रोफोन लावून तो नटांच्या डोक्यावर, पण चौकटीच्या बाहेर, तासन्‌तास तोलून धरतो. त्याला बूम म्हणतात. दुसरा यंत्रापाशी बसून मुद्रण करतो. पुढे संवाद स्वच्छ नसतील तर नटांना स्टुडिओत बोलावून ते ओठांच्या हालचालीबरहुकूम पुन्हा वदवून घेतात. पावले, बांगड्या, पदराची सळसळ, ताटवाटीचा आवाज हे सारे बंद खोलीत पडद्याकडे पाहत कोणी तरी हातापायांनी काढतो. नारळाच्या करवंट्यांवर घोडा दौडवण्याची युक्ती तर जुनीच आहे. अखेरीस हे शेकडो धागे एका माणसापुढे येतात आणि कोणता वर आणायचा, कोणता दाबायचा हे तो ठरवतो.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत विलक्षण वाटली ती एक लहानशी प्रथा. एखाद्या खोलीतले चित्रीकरण आटोपले की ध्वनिमुद्रक सर्वांना जागच्या जागी स्तब्ध उभे राहायला सांगतो आणि त्या रिकाम्या खोलीचे अर्धे-एक मिनिट मुद्रण करतो. कोणी बोलत नाही, हलत नाही. कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पंख्याची, भिंतींची, बाहेरच्या रस्त्याची म्हणून एक गुणगुण तिच्यात मिसळलेली असते. संवादांच्या मधल्या फटींत हीच शांतता भरावी लागते. तेथे निव्वळ काही नसणे ठेवले तर प्रेक्षकाला विहिरीत पडल्यासारखे वाटते. म्हणजे आपण ज्याला चित्रपटातील शांतता म्हणतो तीसुद्धा कोणी तरी जमा करून आणलेली असते. आमच्या जुन्या खात्यात ‘निरंक’ अहवालही वेळेवर पाठवावा लागे, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहिली नाही.

हे काम आपल्याकडे ‘आलम आरा’पासून सुरू झाले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात तो प्रदर्शित झाला. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून बरेचसे चित्रीकरण मध्यरात्रीनंतर करावे लागले. दिग्दर्शक अर्देशिर इराणी ध्वनिमुद्रणातही जातीने लक्ष घालीत. दुर्दैवाने त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही; पहिला आवाज पुसला गेला आहे. मराठीत ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला, आणि प्रभात कंपनीत ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी अंगावर घेतली. दामले मूळचे कुंचल्याचे आणि यंत्रांचे माणूस. पुढे फत्तेलाल यांच्यासह त्यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली आणि दिग्दर्शक म्हणून दामल्यांचे नाव कायमचे झाले. त्यांनी बोलपटाला बोलायला शिकवले हे मात्र जाणकारांखेरीज कोणाच्या लक्षात नाही. त्याच ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की, पुष्कळ लोक तो गाथेतलाच समजू लागले. कवीच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही आणि याहून मोठा तोटाही नाही.

दुसरे उदाहरण वाचकांना अधिक परिचयाचे असेल. ‘महल’ (१९४९) मधील गाण्याने लता मंगेशकर घराघरांत पोहोचल्या, पण आरंभी त्या तबकडीवर नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचे. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली तेव्हा खरे नाव बाहेर आले, असे सांगतात. ज्या आवाजाला पुढे सारा देश ओळखू लागला त्याचीही सुरुवात निनावी झाली होती. त्या गाण्याच्या आरंभी आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता. तो साधण्यासाठी लताबाईंना मायक्रोफोनपासून दूर उभे करून गात गात जवळ यायला सांगण्यात आले, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. ऐकणाऱ्याला कळते ते एवढेच की कोणी तरी येत आहे.

सुरतेच्या वाचकांना या विषयाशी आपला काय संबंध, असे वाटत असेल तर थोडे विषयांतर करण्याची मुभा असावी. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार-जहाजबांधणीकार सुरतेहून मुंबईस गेला आणि त्याच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. त्यातले जमशेटजी बोमनजी यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. ‘कॉर्नवॉलिस’ हे जहाज बांधताना त्यांनी तळाच्या तुळईवर, जेथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, हे जहाज एका कमबख्त काळ्या माणसाने बांधले आहे अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आणि १८०० हे साल कोरले. पुढे कित्येक वर्षांनी ते उजेडात आले. कथा शब्दशः खरी असो वा नसो, ती टिकून राहिली आहे यातच तिचे सत्य आहे. जहाजाच्या कर्त्याला आपला तळ पाण्याखाली राहणार हे ठाऊक होते, त्याची त्याला खंतही नसावी. पण त्या तळावर त्याने कर्त्याची खूण सोडली, आणि गोऱ्या साहेबाची शिवी तेवढी तिच्यात जशीच्या तशी ठेवली.

याच घराण्याच्या परळ येथील लवजी कॅसल या वास्तूत १९३०च्या दशकात जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंचा वाडिया मूव्हीटोन स्टुडिओ होता. त्याचे बोधचिन्ह अर्थातच जहाज. १९४२ साली व्ही. शांताराम यांनी तेथे राजकमल कलामंदिर उभारले, आणि त्या राजकमलमध्ये पुढे मंगेश देसाई ध्वनिमिश्रण करीत असत. सत्यजित राय आपल्या अनेक चित्रपटांचे मिश्रण करवून घेण्यासाठी कलकत्त्याहून त्यांच्याकडे येत. ‘शोले’चे (१९७५) पुनर्ध्वनिमुद्रणही देसायांचेच. त्या चित्रपटातले संवाद ज्यांना पाठ आहेत असे लोक आमच्या पिढीत गल्लोगल्ली सापडतील. ठाकूरच्या घरातली माणसे मारली जातात त्या प्रसंगातील झोक्याचे कुरकुरणे विचारले तर तेही आठवेल. मंगेश देसाई कोण, असे विचारले की मात्र सारे गप्प. आम्ही हा प्रयोग आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत करून पाहिला आहे. अकरा जणांत एकालाही नाव सांगता आले नाही. दोघांनी मात्र झोक्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला.

आता त्या तरुणाविषयी. त्याचे वडील जळगाव जिल्ह्यातून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेस आले आणि लिंबायतमध्ये स्थिरावले, जसे हजारो खानदेशी स्थिरावले. सुरतेत ज्याला ‘खाते’ म्हणतात त्या यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते. मागांच्या गदारोळात बारा तास काढल्यावर माणूस घरीही ओरडूनच बोलतो आणि साठीच्या आतच त्याला कमी ऐकू येऊ लागते. या गृहस्थांचे तसेच झाले आहे. मुलगा लहानपणी डबा घेऊन खात्यात जाई. चाळीस माग एकदम चालू असताना त्यातला कोणता बिघडतो आहे हे वडील कानाने ओळखत, ही गोष्ट त्याने आम्हांला मोठ्या अभिमानाने सांगितली होती. पदवी घेतल्यावर त्याने मुंबईस जाऊन ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेतले. वडिलांचा विरोध पैशासाठी नव्हता. ते म्हणत, ‘‘साहेब, आम्ही कापड विणलं, नाव व्यापाऱ्याचं झालं. ह्यानं तरी नावाचं काम करावं.’’

पहिल्या चित्रपटात त्याने चाळीस दिवस बूम धरला. पैसे मिळाले ते फार उशिरा आणि ठरल्यापेक्षा कमी; करार तोंडी होता. चित्रपट लागला तेव्हा वडिलांना, आईला आणि बहिणीला घेऊन तो उधन्याच्या चित्रगृहात गेला आणि शेवटची यादी संपेपर्यंत चौघे बसून राहिले. त्याचे नाव त्यात नव्हते. विचारणा केल्यावर निर्मितीसंस्थेच्या कार्यालयातून ‘‘राहून गेलं, पुढच्या वेळी बघू’’ एवढे उत्तर आले. 

ही हकीकत आमच्या साहित्यमंडळाच्या बैठकीत निघाली तेव्हा एका विद्वान सदस्यांनी त्या मुलाला निष्काम कर्मयोग समजावून सांगितला. फळाची आशा धरू नये, नाव हा अहंकाराचाच एक प्रकार, अजिंठ्याच्या चित्रकारांनी कुठे सह्या केल्या होत्या, असा त्यांचा एकूण रोख होता. मुलगा नम्रपणे ऐकत होता. आम्ही त्या सद्गृहस्थांचा आदर करतो, पण त्यांचे म्हणणे आम्हांला तेव्हाही पटले नाही आणि आज लिहितानाही पटत नाही.

गीतेतला तो उपदेश श्रीकृष्णाने अर्जुनाला केला आहे. दुर्योधनाने आपल्या सैनिकांना केलेला नाही. निष्कामता ही ज्याची त्याने स्वतःकडून मागायची गोष्ट आहे. ज्याच्या श्रमाचा लाभ आपल्याला होतो, त्याच्याकडे ती मागणे म्हणजे देणे बुडवून वर धर्म शिकवणे होय. अजिंठ्याचा दाखलाही वाटतो तितका भक्कम नाही. चित्रकारांची नावे तेथे नाहीत हे खरे. परंतु दात्यांची आहेत. सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानाची व्यवस्थित नोंद करतो. तेव्हा त्या काळी सगळेच अहंकारमुक्त होते असे नव्हे. नाव कोरण्याची विद्या अवगत होती, छिन्नीही जवळ होती. ती कोणाच्या नावासाठी चालवायची हे ठरलेले होते.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत सारी उमेद घालवली, म्हणून या बाबतीत आम्हांला कार्यालयाची रीत अधिक न्याय्य वाटते, हे ऐकून काही वाचक हसतील. शासनाचा प्रत्येक निर्णय राज्यपालांच्या नावाने निघतो. खाली सही कोणा उपसचिवाची असते, आणि मसुदा तर कोपऱ्यातल्या टेबलावरच्या कारकुनाने केलेला असतो. जनतेला कारकून दिसत नाही, दिसण्याचे कारणही नाही. परंतु फाइलीला दोन बाजू असतात. पत्रव्यवहाराच्या बाजूला निनावी सरकार बोलते. टिपणीच्या बाजूला मात्र ज्याने ज्याने कागद हाताळला त्याची आद्याक्षरे आणि तारीख असते. तीस वर्षांनी कोणी फाइल उघडली तरी हे कोणी सुचवले, कोणी अडवले, कोणी चुकवले ते कळते. बाहेर लोप आणि आत नोंद, अशी ही व्यवस्था आहे. चित्रपटाच्या शेवटी सरकत जाणारी नावांची यादी ही आमच्या मते त्याची टिपणीची बाजू होय. ती कोणी वाचो न वाचो. तिच्यातून एखादे नाव गाळणे हे फाइलीतले पान फाडण्यासारखे आहे.

त्या मुलाने बैठकीनंतर जिना उतरताना जे सांगितले ते आमच्या सर्व युक्तिवादाहून सरस होते. तो म्हणाला, ‘‘काका, माझं काम लोकांना ऐकू आलं तर ते फसलं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलंय. ते मला मान्यच आहे. मी कुठं म्हणतो की ऐकू यावं? मी होतो, एवढंच लिहा म्हणतो.’’

कायद्याने याबाबत काय केले आहे? १९८१ साली संसदेने सिने-कामगारांसाठी अधिनियम केला आणि लेखी कराराशिवाय त्यांना कामावर घेण्यास मनाई केली. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो समाविष्ट करण्यात आला. चाळीस वर्षांनंतरही तोंडी करारावर बूम धरणारी मुले आहेत, यावरून कायदा आणि व्यवहार यांतले अंतर वाचकांनी ओळखावे. आम्ही ते आयुष्यभर मोजत आलो आहोत. नावाच्या बाबतीत तर आणखी मौज आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे त्याचा निर्माता. ज्याने ते कानांनी आणि हातांनी केले तो नव्हे. २०१२च्या दुरुस्तीने गायक-नटांसारख्या कलावंतांना आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क मिळाला. ध्वनिमुद्रक त्या व्याख्येत बसत नाही.

पुरस्कारांनी ही उणीव थोडी भरून काढली. रसूल पूकुट्टी या पुण्याच्या संस्थेच्या, म्हणजे प्रभातच्याच आवारात १९६० साली सुरू झालेल्या चित्रपट संस्थेच्या, विद्यार्थ्याला २००९ साली ऑस्कर मिळाले तेव्हा ध्वनिमिश्रण नावाची विद्या आहे हे आपल्या वर्तमानपत्रांना प्रथमच कळले. परंतु पुरस्कार म्हणजे नोंद नव्हे. २०२२ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘मी वसंतराव’ या मराठी चित्रपटाच्या ध्वनिरचनेसाठी अनमोल भावे यांचा गौरव झाला, ही आनंदाची गोष्ट. त्याच वर्षी स्थळावरील ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार ‘डोळ्ळू’ या कन्नड चित्रपटाला मिळाला. तेव्हा त्याच चित्रपटाचे ध्वनिरचनाकार नितीन लुकोस यांनी जाहीरपणे सांगितले की, या चित्रपटात स्थळावरील ध्वनी वापरलेलाच नाही, सारे संवाद नंतर स्टुडिओत केलेले आहेत. जाणकार परीक्षकांनाही काय खरे टिपलेले आणि काय मागून घडवलेले हे कळले नाही! एका अर्थी ही त्या स्टुडिओतल्या मंडळींच्या कौशल्याची पराकाष्ठाच म्हणायची. पण लुकोस यांचे आम्हांला विशेष कौतुक वाटते. आपल्या चित्रपटाला मिळालेला मान चुकीच्या नोंदीवर उभा आहे हे सांगायला, गप्प राहण्याने काही बिघडत नसताना, वेगळ्या प्रतीची सचोटी लागते. जो माणूस खोट्या श्रेयाला नकार देतो त्यालाच खऱ्या श्रेयाची किंमत कळलेली असते. नाव मागणारा प्रत्येक जण अहंकारी, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानत नाही. अलीकडे नावांच्या याद्या इतक्या लांबल्या आहेत की त्यांत कोणीच दिसत नाही. सर्वांना नाव देणे म्हणजे कोणालाच न देणे, असे काहींचे म्हणणे आहे. ते अंशतः खरे आहे. पण मतदारयादीही लांब असते, आणि तिच्यातून आपले नाव गळले तर आपण लांबीची सबब ऐकून घेत नाही.

आमचा तो तरुण आता स्वतंत्रपणे स्थळावरील ध्वनिमुद्रण करतो. करार लेखी झाल्याखेरीज यंत्राची पेटी उघडत नाही, आणि आपल्या हाताखालच्या मुलांची नावे स्वतः टंकित करून निर्मात्याकडे पाठवतो. गेल्या दिवाळीत त्याचा एक चित्रपट येथे लागला होता. वडिलांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, तरी ते शेवटच्या यादीसाठी थांबले होते. यादी निम्मी सरकली आणि चित्रगृहातले दिवे लागले, दारे उघडली, पडदा फिकट झाला. आम्ही व्यवस्थापकांकडे जाऊन तक्रार केली. त्यांनी शांतपणे सांगितले की पुढच्या खेळाला वीसच मिनिटे आहेत आणि तेवढ्यात सफाई करणाऱ्या बायकांना साडेतीनशे खुर्च्यांखालचे झाडून घ्यायचे असते. यादी संपेपर्यंत थांबले तर त्यांना पुरेसा वेळ मिळत नाही. त्या बायका केरसुण्या घेऊन दारात उभ्याच होत्या. आम्ही चौघे बाजूच्या रांगेत सरकून उभे राहिलो, आणि उरलेली नावे त्या उजेडात जमतील तशी वाचली.